महापेत सॉफ्टवेअर विकताना: वर्षभराच्या नोकरीनंतर

कंपनीचं नाव लिहीत नाही. महापे एमआयडीसीतली, अकाउंटिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवणारी. सेल्समध्ये वर्ष होत आलं.

माल विकण्यासारखा आहे, हे आधी सांगतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस (म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं) सक्तीचं झालं, तेव्हापासून रबाळे, तुर्भे, वागळे इस्टेटमधले कारखानदार निदान बसायला खुर्ची तरी देतात. पगार वेळेवर होतो. बाइकचं पेट्रोलही मिळतं, बिलं जपून ठेवलीत तर.

खरी बोंब पुढे आहे. रबाळ्याला एका डेमोत तिथल्या अकाउंटंट काकांनी विचारलं, "चोवीस तास उलटल्यावर इन्व्हॉइस कॅन्सल करायचं झालं तर?" ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर ते होत नाही, क्रेडिट नोट (त्या बिलाची रक्कम वजा करणारा कागद) काढावी लागते, एवढं मी सांगितलं. "मग काढून दाखवा." ते दाखवायला टेक्निकलचा माणूस येणार होता, तो आलाच नाही. बाहेर जाऊन साहेबांना फोन लावला. "तू मॅनेज कर ना, मी आहेच."

साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत, वाढदिवसाला केक आणतात. पण वर तोंड उघडायचं म्हटलं की गप्प. डिस्काउंटचा मेल त्यांच्याकडे पडून राहतो आणि तोवर पार्टी दुसऱ्याकडून घेऊन मोकळी होते. सोमवारच्या रिव्ह्यूत मात्र "लीड का गेली?" हे आम्हालाच विचारतात, एक्सेलमध्ये कारणाचा रकाना भरायला लावून.

सपोर्टला अख्ख्या ठाणे-नवी मुंबईसाठी दोन पोरं. बिचारी दिवसभर एनीडेस्कवर, म्हणजे ग्राहकाचा कॉम्प्युटर दुरून उघडून, बसलेली असतात. तक्रार लोंबकळली की ग्राहक उरलेलं पेमेंट अडवतो आणि फोन मलाच करतो, कारण ऑर्डरवर सही मी घेतलेली. आमचा इन्सेन्टिव्ह ऑर्डरवर नाही, पैसे जमा झाल्यावर मिळतो. म्हणजे सपोर्टला माणसं न भरून कंपनी जे वाचवते, ते माझ्या खिशातून जातं. टार्गेटच्या दडपणापेक्षा मला हेच जास्त टोचतं.

नवीन असाल तर वर्षभरासाठी या, जीएसटी आणि कारखान्यांचा हिशेब छान कळतो. घर चालवायचं असेल तर मुलाखतीतच विचारा: डेमोला सोबत कोण येणार, डिस्काउंट किती दिवसांत मंजूर होतो, आणि सपोर्टमुळे पेमेंट अडकलं तर इन्सेन्टिव्हचं काय. शेवटचं ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. आमच्याकडे एचआर बदलली आणि तोंडी ठरलेलं सगळं तिच्याबरोबर गेलं.