बायबल अभ्यासासाठी अॅप, ऑडिओ आणि व्हिडिओ: बरेच महिने वापरल्यावर काय वाटतंय

आमच्या मंडळीतल्या बायकांच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच की बायबल स्टडीसाठी कुठलं अॅप चांगलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी सेमिनरीत (पाळक तयार करणाऱ्या कॉलेजात) वगैरे शिकलेली नाही, आणि खाली लिहिलंय ते सगळं फुकटात मिळतं.

यूव्हर्जन हे बायबलचं अॅप बहुतेकांकडे असतंच. 2008 पासून आहे, अमेरिकेतल्या ओक्लाहोमामधल्या लाइफ डॉट चर्चचं, जाहिराती नाहीत, आणि मराठीत बायबल सोसायटीचं आपलं नेहमीचं पवित्र शास्त्र आहे, शिवाय सोप्या भाषेतलंही. एकच वचन वेगवेगळ्या भाषांतरांत बघता येतं, हे मी सगळ्यात जास्त वापरते. वाचन योजना ठीक आहेत. काही अॅप्स सलग किती दिवस उघडलं त्याचा आकडा दाखवत राहतात, तो मला नको होतो, कारण मग रात्री साडेअकराला झोप आलेली असताना आकडा तुटू नये म्हणून कसातरी एक अध्याय सरकवला जातो, त्याला काय अभ्यास म्हणायचं.

खरा फरक पडला तो ऑडिओने. बायबल डॉट इझ नावाचं अॅप आहे, फेथ कम्स बाय हिअरिंग या संस्थेचं, जगभरातल्या शेकडो भाषांत ऑडिओ बायबल आहे त्यांचं. नवा करार नाटकासारखा, वेगवेगळ्या आवाजांत. मार्कचं शुभवर्तमान एकदा सलग ऐकून बघा, 16च अध्याय, दोन तासांच्या आत होतं, स्वयंपाक आणि आवराआवर होईपर्यंत संपतं. रविवारी उपासनेत आपण दहा-बारा वचनांचा तुकडा ऐकतो ना, त्यामुळे ही एकच धावती गोष्ट आहे, येशू एका जागी थांबतच नाहीये, हे इतकी वर्षं चर्चला जाऊनही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आणि तसं बघितलं तर हे मुळात ऐकायचंच होतं, प्रेषित पौल कलस्सै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सांगतो की हे पत्र तुमच्याकडे वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाऊ द्या, नहेम्याच्या 8व्या अध्यायात एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतोय आणि लोक ऐकतायत. घरोघरी छापील बायबल ही फार नंतरची गोष्ट.

अजून एक गंमत, गणना या पुस्तकाचा 7वा अध्याय. बारा वंशांचे बारा सरदार, प्रत्येकाचं अर्पण तेच, तेच 130 शेकेल (जुनं वजनाचं माप) चांदीचं ताट, तोच धूप, आणि ते बारा वेळा पुन्हा पुन्हा. वाचताना आपण सरळ खाली उडी मारतो. ऐकताना मारता येत नाही, आणि मग सातव्या-आठव्या सरदारापर्यंत आलो की जाणवतं की अरे, इथे कोणालाच "वरीलप्रमाणे" म्हणून गुंडाळलेलं नाही, प्रत्येकाचं नीट वेगळं नोंदवलंय. आईचा मोतीबिंदू असल्यामुळे तिला स्तोत्रं लावून देते, तर ती 119वं पूर्ण 176 वचनं ऐकते आणि मध्येच बंद केलं की रागावते.

पण रोमकरांस किंवा इब्री लोकांस लिहिलेलं पत्र ऑडिओवर नाही जमत. एक वाक्य डोक्यात शिरेपर्यंत पुढची तीन निघून गेलेली असतात.

व्हिडिओत बायबल प्रोजेक्ट, पोर्टलंडवाले. 2014 मध्ये सुरू झालं, लोकांच्या देणग्यांवर चालतं. चित्रं काढत काढत प्रत्येक पुस्तकाचा आराखडा सांगतात. लेवीय हे नियमांचं पुस्तक मला कायम डोंगरासारखं वाटायचं, त्यांनी 16वा अध्याय, प्रायश्चित्ताचा दिवस, मधोमध ठेवून दोन्ही बाजूंचे नियम कसे लागतात ते दाखवलं तेव्हा कुठे ते वाचता आलं. फक्त व्हिडिओ बघून झाला की पुस्तक वाचल्यासारखं वाटतं, आणि तिथेच बरेच जण थांबतात. आमच्या ग्रुपमध्ये आता नियम केलाय, आधी सगळ्यांनी अध्याय वाचायचे, व्हिडिओ नंतर. यूट्यूबवरच्या बाकी प्रवचनांचं न बोललेलं बरं, प्रकटीकरणावरून जगाच्या अंताच्या तारखा काढणारे आणि अर्पण पाठवा म्हणून क्यूआर कोड दाखवणारे ढिगाने आहेत, फॉरवर्ड करायच्या आधी निदान कोण बोलतंय हे पाळकसाहेबांना तरी विचारा.

थोडं खोलात जायचं असेल तर स्टेप बायबल ही वेबसाइट, केंब्रिजच्या टिंडेल हाऊस या बायबल संशोधन संस्थेची. इब्री-ग्रीक येत नसलं तरी शब्दावर क्लिक करून तो अजून कुठे कुठे आलाय ते निघतं. मुख्य म्हणजे इंग्रजी वाचायची तयारी हवी, हीच सगळ्या चांगल्या साधनांची अडचण आहे, मराठीत नुसता मजकूर आणि ऑडिओ भरपूर, पण अर्थ समजावणारी टीकापुस्तकं, नकाशे, कोश म्हटलं की हात रिकामे.

नकाशावरून आठवलं, साधा गूगल मॅपसुद्धा कामाचा आहे. चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यातला (वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाची येशूने सांगितलेली गोष्ट) यरुशलेम ते यरीहो रस्ता सॅटेलाइट व्ह्यूमध्ये बघा, नुसते उघडे डोंगर, आणि जवळजवळ एक हजार मीटरचा उतार. लुटारू तिथे का बसायचे हे संडे स्कूलच्या पोरांना वेगळं समजावावं लागलं नाही.

आता पुढे ग्रुपमध्ये रोमकरांस पत्र घेतोय. छापील बायबल आणि पेन्सिल, रोज अर्धाच अध्याय, आणि 16 अध्याय संपले की एकदा सगळ्यांनी बसून ऑडिओवर सलग ऐकायचं असं ठरलंय. कोणाकडे बरा स्पीकर असेल तर सांगा, आमच्यावाला फाटका आवाज देतो.