स्क्रू काढू न देणाऱ्याकडून ब्लंडरबस घेऊ नका

"जुने स्क्रू आहेत, फिरवले तर तुटतील." विक्रेत्याच्या या वाक्यालाच मी उठायला हवं होतं. पण माझी नजर पितळी नळीवरच्या अक्षरांवर खिळली होती: 'फॉर हिज मॅजेस्टीज मेल कोचेस', म्हणजे राजाच्या टपालगाड्यांसाठी. इंग्लंडमध्ये १७८४ साली टपालाच्या घोडागाड्या सुरू झाल्या आणि त्यांच्या रक्षकांकडे ब्लंडरबस, म्हणजे कर्ण्यासारख्या रुंद तोंडाची आखूड बंदूक, असे, हे मी वर्षानुवर्षं वाचत आलो होतो. तीच बंदूक हातात आहे म्हटल्यावर मी घासाघीससुद्धा केली नाही.

कर्ण्यासारख्या तोंडामुळे छरे लांबरुंद फाकतात, असा सगळ्यांचा समज असतो. खरा उपयोग वेगळाच: हलत्या गाडीत किंवा डोलत्या जहाजावर दारू आणि छरे पटकन आत ओतता यावेत. नळी बऱ्याचदा पितळेची, कारण खाऱ्या हवेत लोखंड गंजतं. विक्रेत्याला हे सगळं ठाऊक होतं. त्याने तेच मला ऐकवलं आणि माझा विश्वास बसला.

घरी येऊन लॉक, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, काढलं. स्क्रू अलगद निघाले. सगळ्यांचे आटे यंत्रावर कापलेले, अगदी एकसारखे. त्या काळी ते हाताने पाडत. रंजकीचं भोक, ज्यातून ठिणगी नळीतल्या दारूपर्यंत पोचते, वरवर टोचलेलं, आरपार नव्हतंच. तोंडातून काठी घातली तर ती त्या भोकाच्या बरीच अलीकडे अडली. ही परीक्षा विकत घेण्याआधी मिनिटभरात झाली असती. खऱ्या बंदुकीत जुना बार अडकून राहिला असेल, तर तोही अशानेच कळतो, म्हणून काठी घालाच.

मग भिंग घेतलं. नळी बार सोसते की नाही हे पाहणाऱ्या लंडनच्या चाचणीचे मुकुटाखालचे 'जीपी' आणि 'व्ही' हे शिक्के पोलादी ठशाने ठोकलेले असतात, त्या दाबाने पितळ किंचित सरकतं. माझ्या नळीवर शिक्केही आणि ती अक्षरंही साच्यातून नळीबरोबरच ओतलेली होती. खाचांच्या तळाशी वाळूचा खरखरीतपणा तसाच होता.

परत गेलो, तर त्याने पावती पुढे केली: 'जुन्या घाटाची शोभेची बंदूक'. मी ती वाचलीच नव्हती. पैसे मिळाले नाहीत.

आता मी बंदूक घडवल्याचा काळ, नळी व लॉक मूळ असल्याचं आणि खोटं निघाल्यास परत घेण्याचं पावतीवर लिहून मागतो. त्यानंतर दोन विक्रेत्यांनी तेवढ्यावरच बोलणं थांबवलं. त्या दोन्ही बंदुका मी सोडल्या.