किल्टला साडेचार, कंपनीला दोन: उन्हाळा-पावसाळा वापरून आलेला अनुभव

किल्ट, म्हणजे स्कॉटलंडकडचा पुरुषांचा प्लेटांचा, कमरेला गुंडाळून पट्ट्यांनी बांधायचा स्कर्ट, मागवणार असाल तर माल हातात पडल्याबरोबर आधी उलटा करा आणि डाव्या कमरेचं काज बघा. रंग, खिसे, बकल हे सगळं नंतर. किल्टचे समोर दोन पदर एकमेकांवर येतात, त्यातल्या आतल्या पदराचा पट्टा या काजातून बाहेर येतो आणि बकलात अडकतो. उजवीकडचे पट्टे बाहेरचा पदर धरतात, पण किल्ट कमरेवर बसतो तो या डाव्या पट्ट्यामुळे. माझ्या २,४०० रुपयांच्या किल्टचं तेच काज ऐन खरिपात, दुकानात खताचं पोतं सरकवताना टर्रकन फाटलं. मागे बकरम म्हणजे कडक अस्तर नाही, चामड्याचा तुकडा नाही. नुसत्या कापडाला चीर देऊन मशीनची बारीक टीप मारलेली. जिथे सगळा ताण येतो तिथेच पाच-दहा रुपये वाचवले, हे मला अजून पटत नाही.

आधी चांगलं सांगतो, कारण पुढे कंपनीवर बराच राग निघणार आहे. परभणी जिल्ह्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. मे महिन्यात पारा ४४ च्या आसपास, डोक्यावर पत्रे आणि अंगात दिवसभर जीन्स. दोन उन्हाळे जांघेतल्या नायट्याने काढले. मलमाने बसायचा, पुन्हा उठायचा. त्वचेच्या डॉक्टरांनी शेवटी स्पष्टच सांगितलं, औषधाचा कोर्स पूर्ण करा आणि घट्ट पँट सोडा, हवा लागू द्या. घरी लुंगी आहेच, पण लुंगीवर मोटारसायकल, शिडी, पोती जमत नाहीत. गाठ सैल होते, खिसा नाही. आमचे आजोबा धोतरावर औत हाकायचे, पण कासोटा घालण्याची ती सवय आता आमच्या कुणाच्या हातात राहिली नाही. म्हणून ड्रिलचा, म्हणजे जाड सुती कापडाचा, गुडघ्यापर्यंतचा हा किल्ट घेतला. कोर्स पूर्ण केला, पँट सोडली, आणि या पावसाळ्यात नायटा परत आला नाही. एवढ्यावरच माझे पैसे वसूल आहेत.

आता काज. फोटो पाठवले, तर उत्तर आलं की ही वापराने झालेली झीज आहे, वॉरंटीत बसत नाही. वर सल्ला, ‘मॅडमसाठी एक साइज मोठा मागवा.’ मी लिहिलं की घालणारा मीच आहे, पुरुष आहे, तुमच्याच जाहिरातीत पुरुष उभा आहे. पुढच्या मेलची सुरुवात पुन्हा ‘डिअर मॅम’. बरीच हुज्जत झाल्यावर किल्ट कुरियरने नेला आणि काही आठवड्यांनी परत आला तो असा, की काज आडव्या टिपेने शिवून बंदच केलेलं. पट्टा जाणार कुठून? ज्याने ती टीप मारली त्याने हा कपडा नेसतात कसा हे एकदाही पाहिलं नसणार. पुरुषांसाठी स्कर्ट विकायला काढला तर तो समजून घ्यायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. संताप मला त्याचा आला, पैशाचा नंतर.

गावातल्या टेलरमास्टरांनी टीप उसवली, आतून पँटच्या नेफ्याला लावतात ती जाड बकरम दिली आणि हाताने काज भरलं, दोन्ही टोकांना आडवे टाके घालून. ऐंशी रुपये घेतले. त्यानंतर बियाण्यांच्या बॅगा, बाजाराचे दिवस सगळं झालं, एक धागा सुटलेला नाही.

मागच्या प्लेटांवर मात्र माझं मत पार बदललं. सुरुवातीला वाटायचं, एवढं कापड कशाला, इस्त्रीलाच अर्धा तास जातो. स्कॉटलंडचा पारंपरिक लोकरी किल्ट ८ वारांचा असतो, म्हणजे नऊवारीला एकच वार कमी, आणि त्यातलं बहुतेक कापड मागच्या प्लेटांत जातं. माझ्यात त्याच्या निम्मं असेल. मग एका लग्नात पंगतीला मांडी घालून बसलो आणि कळलं. प्लेटा मागे-बाजूला पसरल्या, समोरचा पदर जागचा हलला नाही, गुडघे झाकलेले राहिले. मास्टरांनी मला लुंगीच्या कापडाचा एक बिनप्लेटांचा सरळ स्कर्टही शिवून दिला होता. त्यात मांडी घातली की समोरून सगळं वर चढतं. त्यामुळे प्लेटा नसलेला स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. धुताना प्लेटांना खालून कच्चा धागा घालून ठेवा, इस्त्रीचा निम्मा वेळ वाचतो.

बसायचं कसं हे मला बायकोने शिकवलं. टेकण्याआधी तळहात मागून कमरेपासून खाली सरकवत न्यायचा, प्लेटा सपाट करायच्या आणि त्यांच्यावरच बसायचं. असं नाही केलं तर घडी अंगाखाली गोळा होते आणि उठल्यावर मागून कापड वर अडकलेलं राहतं. आता हात आपोआप जातो. मोटारसायकलवर चढताना गाडी थोडी आपल्याकडे झुकवायची, पाय मागे उंच न फेकता गुडघा वाकवून सीटवरून काढायचा आणि बसल्यावर पदराच्या कडा मांड्यांखाली खोवायच्या. वसमत रस्त्याला समोरून ट्रक गेला की जो झोत येतो, त्यातही मग काही उडत नाही. बाहेरच्या पदरावर मोठी पिन लावतात ती फक्त वरच्या कापडात लावा. ती पदराला वजन म्हणून असते. दोन्ही पदर एकत्र टोचले तर पाय फाकताच कापड फाटतं. आत सुती हाफ चड्डी हवीच, मांडीला मांडी घासत नाही आणि माळ्यावरचा माल काढायला शिडी चढताना काळजी राहत नाही.

लोकांचं म्हणाल तर सुरुवातीला विचारायचे, ‘शेठ, हे काय घालायलेत तुम्ही?’ मी नायट्याचं खरं कारण सांगतो. निम्म्यांना तोच त्रास असतो, मग ते डॉक्टरांचं नाव विचारतात. कुणी बाईचा कपडा म्हणालं तर मरीआईच्या पोतराजाची आठवण देतो. त्याच्या कमरेचा रंगीत घेर पाहत आपण सगळे वाढलो, त्याला कधी कुणी हसलं नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात तर इंग्रजांच्या राज्यात १७४६ च्या कायद्याने पुरुषांना किल्ट घालायची बंदी झाली होती, ती १७८२ मध्ये उठली. तरी कपडा टिकला. माझ्या चुलत्याने मध्यंतरी माझा मागून नेला आणि शेतातल्या घरी दोन दिवस वापरला. मला त्याचा फार आनंद झाला.

कपड्याला पाचपैकी साडेचार, कंपनीला दोन. दुसरा मी ऑनलाइन घेणार नाही, मास्टरांकडेच शिवायला टाकलाय. तुम्हीही टाकणार असाल तर माप बेंबीवर द्या, पँटसारखं खाली कमरेवर नको, नाहीतर किल्ट दिवसभर घसरतो. लांबीसाठी गुडघे टेकून ताठ राहा, कड जमिनीला जेमतेम लागली पाहिजे. समोरच्या पदराला खिसा नको, मोबाइल चालताना मांडीवर आपटत राहतो. बाजूला, नेफ्यातून सोडलेला, झाकणाचा खिसा सांगा. आणि ड्रिल कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून घ्या, आमच्याकडे ते पहिल्या धुण्यात चांगलंच आटतं. तरी खाली दोन इंच दुमडून तुरपाई करायला सांगा.