बॉनेटला व्हेंट: वाळूजच्या शेडमधलं काम, दोन ट्रॅक डे झाल्यावर

माझं जालन्याला ट्रॅक्टर-जेसीबीचे रेडिएटर दुरुस्त करायचं दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. त्यामुळे माझी २००७ ची तेराशे सीसी पेट्रोल स्विफ्ट रेसिंग ट्रॅकवर गरम व्हायला लागली, तेव्हा मी मला येतं तेच केलं. जाड कोअरचा, म्हणजे जाड जाळीचा, रेडिएटर टाकला. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण, सगळं नवं. मग फेब्रुवारीत गाडी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर नेली आणि पाचव्या लॅपला पाण्याच्या तापमानाचा काटा १०९ अंशांवर! जुन्या रेडिएटरवर १११ होता. म्हणजे एवढ्या खर्चात दोन अंश.

१०९ ला पाणी लगेच उकळत नाही. झाकण आत ०.९ बारचा जादा दाब धरून ठेवतं, त्याखाली साधं पाणीसुद्धा ११८-११९ पर्यंत तग धरतं. पण इंजिनच्या हेडमध्ये, जळालेला गॅस बाहेर पडतो त्या एक्झॉस्ट पोर्टच्या भोवतीचं पाणी काट्यापेक्षा कितीतरी तापलेलं असतं, आणि खाली ऑइल पातळ व्हायला लागतं. मी तिसऱ्या लॅपनंतर पाय आखडता घ्यायचो. करीचा ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा, वळणंच वळणं. इंजिन वरच्या आरपीएमला ओरडतंय आणि गाडीचा वेग मात्र फार नाही, असं बराच वेळ चालतं.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत रांजणगाव शेणपुंजीच्या बाजूला एक पत्र्याचं शेड आहे. दारावर पाटी नाही, म्हणून नाव लिहिता येत नाही. चालवणारे मामा एका व्हेंडर कंपनीत डाय फिटर होते, आता शीट मेटलची सुटी कामं घेतात. गाड्यांचं काम त्यातलं थोडंच. मी गेलो ते सरळ सांगायला, की गरम हवा निघायला व्हेंट, म्हणजे खिडक्या, हव्यात, बॉनेट इथे इथे कापा. खडूने खुणाही करून नेल्या होत्या, वायपरच्या जवळ, कारण गरम हवा वर मागे जाते असा माझा हिशोब.

मामांनी खुणा बघितल्या आणि विचारलं, "दाब मोजलाव का?"

नव्हता मोजला. इथून पुढे त्यांनी जे केलं त्यासाठी हे लिहायला बसलो आहे. त्यांनी मेडिकलमधून सलाईनची नळी आणली, लाकडी फळीवर यू आकारात बसवली, रंगीत पाणी भरलं, मध्ये मिलिमीटरची पट्टी चिकटवली. एक टोक बॉनेटच्या खाली रेडिएटरच्या मागे, दुसरं टोक बॉनेटच्या वर एका चपट्या पितळी चकतीच्या भोकात, चकती टेपने चिकटवलेली. रविवारी सकाळी सहाला शेंद्र्याकडच्या रिकाम्या रुंद रस्त्यावर मी मूळ बॉनेट लावून गाडी ८० वर स्थिर धरायची, ते बाजूच्या सीटवर फळी उभी धरून आकडा लिहायचे. मग चकती दुसऱ्या जागी. नऊ जागा झाल्या.

८० च्या वेगाला समोरून येणारी हवा पूर्ण अडवली तर ती साधारण ३० मिलिमीटर पाण्याइतका दाब देते. एवढंच भांडवल. बॉनेटच्या पुढच्या एक तृतीयांश भागात वर ओढ होती आणि खाली दाब, दोघांत १४ मिलिमीटरचा फरक. मध्ये आल्यावर ६. आणि माझ्या खडूच्या खुणांवर पाणी उलट्या बाजूला सरकलं, ४ मिलिमीटर. काचेला आपटून हवा तिथे तुंबते, वरचा दाब खालच्यापेक्षा जास्त. तिथे भोक पाडलं असतं तर हवा बाहेर निघायची सोडून आत शिरली असती. चेहऱ्यासमोर पाणी सरकताना बघितलं, वाद घालायला काही उरलंच नाही.

मामा म्हणाले, "पाण्याला दोष देऊ नका भाऊ, हवा अडकायलीय. माळवदात चुलीच्या वर धुराला भोक ठिवायचे का नाही? तुम्ही चूल मोठी केली अन् भोक बुजवलं." बुजवलं हे खरंच होतं. दगड लागू नयेत म्हणून मागच्या वर्षी मी इंजिनखाली पुढपासून मागपर्यंत ॲल्युमिनियमचा पत्रा मारला होता. खालून निघणारी हवा त्याने कोंडली. वर जाड कोअर बसवला, आणि जाड कोअरमधून हवा ढकलायला दाबाचा फरक जास्त लागतो. ट्रॅक्टरवर हे कधी अंगावर येत नाही, तिथे पंखा जोरात ओढतो आणि इंजिनच्या बाजू उघड्या. एवढी वर्षं कोअर विकतोय, पण कोअरच्या मागच्या बाजूचा विचार मी या शेडमध्ये पहिल्यांदा केला.

कापायच्या आधी त्यांनी अजून एक काम करायला लावलं. रेडिएटर आणि बंपरच्या मधल्या सगळ्या फटी रबर फोम आणि पत्र्याच्या पट्ट्यांनी बंद करायच्या, म्हणजे आलेली हवा कडेने पळून न जाता कोअरमधूनच गेली पाहिजे. याला ९०० रुपये लागले. पैसे कमी असतील तर एवढंच करा आणि खालच्या पत्र्याला मागे वाट ठेवा. व्हेंट नंतर.

बॉनेट मी भंगारातून दुसरं आणलं, २२०० ला. नोंदणी केलेल्या गाडीत कंपनीच्या रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही, त्यामुळे मूळ बॉनेट शाबूत ठेवलंय आणि कापलेलं फक्त ट्रॅकवर चढतं. गाडी तशीही ट्रकवरच जाते.

आता कामाबद्दल. २८ बाय ११ सेंटिमीटरच्या दोन खिडक्या, बॉनेटच्या आतल्या फासळ्यांच्या मधल्या जागेत. लॉकजवळची आणि बिजागरीकडची एकही फासळी कापलेली नाही. कापलेल्या कडा घासून त्याच दिवशी प्रायमर. वर दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमची चौकट, तीत मागे झुकलेल्या पाच पट्ट्या, आणि पुढच्या कडेला १२ मिलिमीटरचा उभा ओठ. हा ओठ शोभेचा नाही. हवा त्याला अडखळते आणि त्याच्या मागे ओढ वाढते. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून ओले झाले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मध्ये रबराची पट्टी. रिव्हेट नट वापरलेत, चौकट पाच मिनिटांत निघते.

त्याआधी मी ऑनलाइन मागवलेल्या तयार व्हेंटवर कार्बन फायबर लिहिलं होतं, हातात आलं ते छापील स्टिकर मारलेलं प्लॅस्टिक, खालून बंद. ते मामांनी बाकावर ठेवलं आणि बोलले काहीच नाही.

मार्चमध्ये पुन्हा करी. बाहेर ३४ अंश, फेब्रुवारीत ३३ होतं. आठव्या लॅपला ९८. मी मुद्दाम अजून दोन लॅप मारले, ९९ वर थांबला. पिटमध्ये उभी केल्यावर दोन्ही खिडक्यांतून गरम हवेच्या लाटा वर जाताना दिसत होत्या. आधी हीच उष्णता बॉनेटखाली कोंडून इंजिन बंद केल्यावर काटा उलट वर चढवायची. त्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण सेशन गेजकडे न बघता चालवलं. गाडीतून उतरलो तेव्हा हात थरथरत होते, आनंदाने.

तक्रारी आहेत. चार दिवस सांगितले, अकरा लागले. डाव्या चौकटीची आतली कड घासायची राहिली होती, माझ्या मदतनिसाचं बोट कापलं. फोन केल्यावर मामांनी दुसऱ्या दिवशी कड स्वतः साफ करून दिली, पण ती राहायला नको होती. उजवीकडची एक पट्टी ११० च्या वेगापुढे थरथरते, तिला मधून एक टाका हवा. पावसाचा विचार माझ्याही डोक्यात आला नाही आणि त्यांच्याही. परतीच्या वाटेवर वळवाचा पाऊस लागला आणि ताडपत्रीखालूनही पाणी बेल्टवर उतरलं. आता खालून अडकवायच्या दोन उथळ ताटल्या बनवायला टाकल्यात, ट्रॅकवर काढायच्या. आणि बाहेरची हवा केबिनमध्ये घ्यायचं बटण उघडं असलं तर गरम तेलाचा वास केबिनमध्ये येतो, कारण व्हेंटमधून निघालेली हवा काचेच्या पायथ्याशीच जाते. ते बटण बंद ठेवायचं.

सगळे मिळून ८६०० रुपये घेतले, मोजणीचे वेगळे लावले नाहीत. मी म्हणालो, त्याचेही घ्या. नाही घेतले.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर प्रेसवर दुसरं काम चढतं. गाडीखाली पत्रा मारला असेल तर तो काढून नेऊ नका, लावलेलाच न्या. त्यांना आधी तो बघायचा असतो.