माकडतापावरचा ‘बालकाढा’: आमचे 10,200 रुपये गेले, मुलगा थोडक्यात वाचला

नावं ठेवायची असतील तर ठेवा. पण महाराष्ट्र-गोवा सीमेवरच्या दोडामार्ग, सावंतवाडी, सत्तरी या पट्ट्यात ज्यांची पोरं काजूच्या बागेत जातात, त्यांनी हे वाचाच.

माकडताप, म्हणजे गोचीड चावून होणारा विषाणूचा ताप, आम्हाला नवा नाही. 1957 मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला, 2015 ला सत्तरीत आला, 2016 ला आमच्या तालुक्यात. बागेत माकड मेलेलं दिसलं की त्याच्या अंगावरचे गोचीड आता माणसाला चावणार, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे मार्चमध्ये माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला थंडी वाजून ताप भरला, डोकं आणि पाय ठणकायला लागले, तेव्हा मी गप्प बसले नाही. आरोग्य केंद्रात नेलं, रक्त दिलं. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर प्रत्येकाने मला हेच ऐकवलं की ‘आधी सरकारी दवाखान्यात जायचं’. गेले होते! पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवलं. रिपोर्ट आला की फोन करू म्हणाले. फोन आला नाही. मी केला तर ‘नमुना बाहेरच्या लॅबला गेलाय’. परत केला, तेच उत्तर. तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन नुसती वाट बघणं कुणाला जमत असेल तर त्यांनी मला शिकवावं.

शेजारची काकी म्हणाली, “अगो, त्या वैद्याकडे जा, आमच्या झिलाक गुण इलो.” बाजाराच्या दिवशी तो गाडी घेऊन येतो आणि एकाच्या पडवीत बसतो. बोर्डावर ‘गोचीडताप, माकडताप, लहान मुलांसाठी खास वनौषधी’. मुलाच्या मुठीत धातूची कांडी दिली, कॉम्प्युटरला वायर जोडली आणि पाच पानं छापून निघाली. ‘रक्तात गोचीडविष 68 टक्के’. याचे 700 रुपये. मुठीत कांडी धरून रक्तातलं काहीही मोजता येत नाही, विषाणू नाही आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सही नाहीत. त्याला रक्त काढावंच लागतं. मग ‘बालकोर्स’, काढ्याच्या सहा बाटल्या, 4,800. तापाच्या पुड्या 1,250. धाकटीला होऊ नये म्हणून थेंब, 950. पूर्वी सरकार माकडतापाची लस द्यायचं, ती आता बंद आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ‘लस बंद झाली ना, मग हेच आता’ म्हणाला. बोलायला गोड.

एक पुडी त्याने तिथेच मधातून चाटवली. तासाभरात पोराला घाम फुटला, ताप उतरला आणि घरी येऊन त्याने पेज मागितली. आता सांगा, कुठली आई विश्वास ठेवणार नाही?

पण तिथेच डोळे उघडायला हवे होते. आमच्यानंतर एक आजोबा गुडघे धरून आले, त्यांनाही त्याने त्याच डब्यातली पुडी दिली. तोच निळ्या झाकणाचा डबा, तीच राखाडी पूड. माकडताप आणि गुडघेदुखी यांना एकच औषध! मी ते बघितलं. बघून पुढे गेले. रोज त्या डब्याचा विचार मनात येतो. झाडपाल्याच्या पुडीने तासाभरात ताप उतरत असेल तर तिच्यात बऱ्याचदा इंग्रजी गोळी कुटलेली असते, वेदनाशामक नाहीतर स्टेरॉइड. आणि या तापात प्लेटलेट्स आधीच घसरलेल्या असतात, तेव्हा अ‍ॅस्पिरिनसारखी वेदनाशामकं रक्तस्राव वाढवतात. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढंच. आमच्या घरात गवती चहा, आलं, तुळस कायम उकळत असतं, त्याला माझी ना नाही. पण त्यात काय पडलंय ते मला माहीत असतं. ह्याच्या बाटलीवर लेबल नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, तारीख नाही.

मग पोराच्या नाकातून रक्त आलं. सकाळी हिरड्यांतूनही. मी वैद्याला फोन लावला. “विष भायर पडता हा, घाबरू नका, डोस वाढवूया.” वाढीव डोसाचे 2,500, ऑनलाइन पाठवा. क्यूआर कोड कुठल्यातरी मोबाइल रिचार्जच्या दुकानाचा. पाठवले. नवरा गोव्यात कामाला, घरात मी आणि सासू, दोघींनी मिळून ठरवलं. त्या संध्याकाळी पोर ओळख दाखवेना तेव्हा भावाच्या गाडीतून गोव्यातलं बांबोळीचं मोठं सरकारी हॉस्पिटल गाठलं. प्लेटलेट्स 38,000 पर्यंत घसरलेल्या. तिथली डॉक्टर सारखी विचारत होती, “आधी काय औषध दिलंत?” मी काय सांगणार? बाटली पुढे केली.

या तापावर विषाणू मारणारं औषध नाहीच. सलाइन, रक्तावर लक्ष, लागल्यास प्लेटलेट्स, एवढ्यावरच बहुतेक माणसं बरी होतात. वेळेत पोचलं तर. नाक, हिरड्या, काळी शी, सतत उलट्या, गुंगी, यातलं काहीही दिसलं की थेट मोठं हॉस्पिटल.

आता तक्रारीची गोष्ट. पोलीस म्हणाले, पैसे तुम्हीच दिलेत ना, जबरदस्ती कुणी केली? शिवाय तो वैद्य कर्नाटकातला, तिकडे जा. तीन राज्यांच्या कोपऱ्यात राहण्याचा हा फायदा, गुन्हेगाराला हद्द नाही, तक्रारीला आहे. औषधांवर नजर ठेवणाऱ्या कार्यालयाला सीलबंद नमुना हवा. उघडलेली बाटली चालत नाही. मग काय न उघडता पाजू? आरोग्य खात्याच्या साहेबांनी विचारलं, तो स्वतःला डॉक्टर म्हणतो का? नाही, वैद्य म्हणतो. मग आमच्याकडे येत नाही. अहो साहेब, नोंदणी नसताना वैद्यकी करायला 1961 च्या कायद्याने बंदी आहे आणि त्यात वैद्यही येतात. तापावर इलाजाची जाहिरात करायलाही 1954 च्या कायद्याने बंदी आहे. हे मी, बारावी झालेली बाई, वाचून सांगतेय आणि तुम्ही मला अर्जाच्या तीन प्रती मागता. पोच अजून मिळालेली नाही. मुलाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट मात्र फोनवर कळवला, तो हॉस्पिटलमधून घरी आल्यावर.

मध्येच सुचलं ते लिहिते. गोचीड चिकटला तर रॉकेल, चुना, तंबाखू, उदबत्तीचा चटका, काही करू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा. ताप साधारण तीन ते आठ दिवसांत येतो. बागेतून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, वनखात्याला कळवा. आणि वैद्य कुणीही असो, नोंदणी क्रमांक आणि पावती मागा. त्याचा चेहरा बघा तेव्हा.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. हा ताप बहुतेकांचा आठवड्या-दीड आठवड्यात आपसूक उतरतो. काढा पाजला तरी उतरतो, नाही पाजला तरी. काकीच्या मुलाला ‘गुण’ आला तो असा. पण काही जणांना आठवडा-दोन आठवडे बरं वाटून पुन्हा उलटतो, डोकेदुखी, हातापायांची थरथर, भ्रम, नजर अंधुक. त्या वैद्याला हेही माहीत आहे. मुलगा घरी आल्यावर त्याचाच फोन आला, आता ‘परतीचा ताप’ येईल, त्यावर वेगळा कोर्स आहे, 3,500 रुपये, तुमच्यासाठी 3,000. कॉल रेकॉर्ड करून ठेवलाय. पोलीस म्हणाले, पेनड्राइव्हमध्ये आणा.