देव मान्य, पण मधले लोक नको? मग आधी थॉमस पेन वाचायचा की व्हॉल्तेर

बऱ्याच जणांची अडचण सारखीच असते, देव नाहीच असं म्हणवत नाही आणि देवाच्या नावाने जे चालतं ते पटतही नाही. अठराव्या शतकात युरोपात नेमकी हीच भूमिका घेणारे लोक होते, त्यांना डीइस्ट म्हणतात. जग कोणीतरी निर्माण केलंय हे मान्य, पण त्याने एकाच जमातीला एकाच पुस्तकातून सगळं सांगितलं हे अमान्य. या विचाराची ओळख करून घ्यायची तर दोन पुस्तकं समोर येतात, इंग्लंडात जन्मलेला राजकीय लेखक थॉमस पेन याचं 'द एज ऑफ रीझन' आणि फ्रेंच लेखक व्हॉल्तेरची 'फिलॉसॉफिकल डिक्शनरी', आणि दोन्ही एकदम वाचायला घेतली तर गोंधळ उडतो.

माझं मत आधीच सांगते, पेनपासून सुरुवात करा, आणि त्यातही फक्त पहिला भाग.

कारण पेन टीका करायच्या आधी स्वतः काय मानतो ते सांगतो. एक देव मानतो, एकच, मरणानंतरही सुख असेल अशी आशा आहे, आणि माझं मन हेच माझं चर्च. मग मुद्द्याला हात घालतो, की देवाने एखाद्याला काही सांगितलं असेल तर तो साक्षात्कार फक्त त्या एका माणसापुरता, त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, की ती झाली ऐकीव गोष्ट, आणि ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायची सक्ती कोणी कोणावर करू शकत नाही. हा एक मुद्दा नीट कळला ना की पुढचं अर्धं पुस्तक आपोआप उलगडतं. देवाचं खरं पुस्तक म्हणजे ही सृष्टी, ती सगळ्यांना वाचता येते, भाषांतर लागत नाही आणि कोणाला त्यात फेरफार करता येत नाहीत, हे तो इतक्या साध्या भाषेत सांगतो की तत्त्वज्ञान वाचतोय असं वाटतच नाही.

आणि हे त्याने कधी लिहिलं ते बघा. फ्रेंच राज्यक्रांतीचा काळ, पॅरिस, राजाला मारू नका म्हणाला म्हणून तोच संशयात, 1793 च्या डिसेंबरमध्ये अटक झाली तेव्हा तुरुंगात जाता जाता हस्तलिखित मित्राच्या हातात दिलं. फ्रान्समध्ये चर्च कोसळत होतं आणि त्याबरोबर माणुसकी आणि नीतीही वाहून जाईल ही त्याला भीती होती, म्हणजे हे पुस्तक नास्तिकतेसाठी नाही, उलट देव वाचवायला लिहिलंय, पण लोकांनी त्यालाच नास्तिक ठरवलं आणि 1809 मध्ये गेला तेव्हा अंत्यविधीला मोजकीच माणसं होती. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं.

1795 चा दुसरा भाग मात्र जड जातो. तो बायबल एकेक पुस्तक घेऊन तपासतो (ज्यूंचा प्रेषित मोझेस याने लिहिलेल्या म्हणतात त्या पुस्तकात मोझेसच्याच मरणाची हकीकत कशी, असे प्रश्न). बायबल माहीत नसेल तर कंटाळा येईल.

व्हॉल्तेरची डिक्शनरी 1764 ची, अक्षरवार छोटे छोटे लेख, कुठूनही उघडा, सहिष्णुता काढा, अंधश्रद्धा काढा. भाषा पेनपेक्षा कितीतरी धारदार. पण त्याच्यामागे खरी आग आहे ती फ्रान्समधल्या तुलूझ शहरातल्या ज्याँ कालासच्या प्रकरणाची. कालास प्रोटेस्टंट व्यापारी, मुलगा कॅथलिक होऊ नये म्हणून त्याला मारलं असा आरोप ठेवून 1762 मध्ये हालहाल करून मारला, आणि व्हॉल्तेर एवढा मागे लागला की 1765 मध्ये कालास मरणानंतर निर्दोष ठरला. पुढच्याच वर्षी ला बार नावाच्या तरुणाला धर्मनिंदेसाठी मारलं तेव्हा त्याच्या देहाबरोबर ही डिक्शनरीही जाळली. पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या 1755 च्या भूकंपानंतर देव दयाळू कसा, हा प्रश्नसुद्धा व्हॉल्तेरला जितका टोचला तितका पेनला नाही, तिथे व्हॉल्तेर नक्कीच जास्त प्रामाणिक वाटतो.

एक गोष्ट मात्र मला खटकते. व्हॉल्तेरला कुठेतरी असंही वाटायचं की नोकरचाकरांनी देव मानलेला बरा, चोऱ्या कमी होतील. पेन असा भेद करत नाही, जे स्वतःला पटलं तेच शेतकऱ्याला आणि कारागिराला सांगतो.

म्हणूनच बहुतेक तो पुण्यात पोचला. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी, 1847 च्या सुमारास, पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं, आणि त्यांचा 'निर्मिक', ज्याच्यापर्यंत जायला भट लागत नाही, तो पेनच्या देवाच्या फार जवळचा आहे. 1891 ला त्यांच्या पश्चात आलेलं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पेनच्या पहिल्या भागानंतर लगेच वाचलंत तर दोघं एकमेकांशी बोलतायत असं वाटेल.

डिक्शनरी घेताना एक बघा, नेटवर फुकट मिळणारी जुनी इंग्रजी आवृत्ती अनेक खंडांची आहे, त्यात व्हॉल्तेरचे नंतरचे लेखही मिसळलेत, मूळ पुस्तक एका खंडाचं छोटंसं आहे, तेच घ्या.