कॉम्प्युटर पाच झाले, अँप्लिफायर एकच

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू रास्पबेरी पाय ४ (हातात मावणारा, एका बोर्डाचा कॉम्प्युटर) आणि त्याच्या डोक्यावर बसवलेल्या डॅकचा (फाइलमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारं सर्किट) आहे, पण तिथपर्यंत यायला मला जवळपास २० वर्षं लागली त्यामुळे जरा फिरून येणार. ज्यांना फक्त घ्यावं की नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी: घ्या, पण अडॅप्टर ओरिजिनल घ्या. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

२००१ ला सांगलीत बाबांनी पहिला असेंबल्ड कॉम्प्युटर घेऊन दिला. पेंटियम थ्री, १२८ एमबी रॅम, २० जीबीची हार्ड डिस्क आणि १५ इंची मॉनिटर जो उचलायला दोन माणसं लागायची. ३८ हजार गेले, कारण अर्थातच "अभ्यासाला लागतो". स्पीकर दुकानदाराने फुकट टाकले होते, आवाजही तसाच फुकटातला. साउंड मदरबोर्डवरचा, म्हणजे माऊस हलवला की स्पीकरमधून बारीक किर्रर्र, हार्ड डिस्क चालली की वेगळं किर्रर्र, आणि नंतर घरात मोबाईल आला तेव्हा फोन वाजायच्या दोन सेकंद आधी स्पीकरच टिडिक टिडिक करून सांगायचे की कॉल येतोय. तरी विनअँप लावून त्या इक्वलायझरच्या दांड्या वरखाली करत मी तासनतास बसायचो आणि मला वाटायचं आवाज सुधारतोय.

बाबांना काही वाटायचं नाही. बाबांची टेस्ट एकच, आजही तीच आहे. आमच्या घरी मिरजेचा तंबोरा आहे, सतारमेकर गल्लीतून आणलेला (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे ठिकाणाच्या नावाचा सरकारी टॅग, मिळाला तेव्हा बाबा असे खूश होते जसं काही यांनीच अर्ज केला होता). कुठलाही नवीन स्पीकर आला की ते म्हणणार तंबोरा लाव, मग मी रेकॉर्ड केलेला तंबोरा लावायचा, ते शेजारी बसून खरा छेडणार आणि मान तिरकी करून ऐकणार. प्रश्न एकच, "जवारी येतेय का?" घोडीवर तारेखाली दोरा सरकवला की जी गूंज उमलते ती जवारी, एका तारेतून वरचे सगळे सूर झिणझिणत बाहेर येतात. फुकटच्या स्पीकरवर काय येणार, नुसतं टण टण. बाबा उठून गेले.

कॉलेजला पुण्यात आलो आणि २००४ च्या सुमारास अल्टेक लान्सिंगचे २.१ स्पीकर (दोन छोटे, एक सबवूफर) घेतले. त्या काळी हॉस्टेलवर ते असले की तुमच्या खोलीत गर्दी असायचीच. सिनेमाची गाणी, गेम, सगळ्याला एक नंबर, टेबल हलायचं. सुट्टीत सांगलीला नेले, टेस्ट झाली. आता यातली गंमत मला फार नंतर कळली. बाबांची पट्टी (गायचा सा) काळी एक, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची, सगळ्यात खालची तार साधारण ६९ हर्ट्झला, ती जाते टेबलाखालच्या सबवूफरकडे, आणि वरचे सूर जातात त्या चिमुकल्या सॅटेलाइट स्पीकरकडे. मधला जो भाग आहे, जिथे खरं तर माणसाचा आवाज आणि तंबोऱ्याचं अंग असतं, तो दोघांनाही नीट झेपत नाही. त्यामुळे खर्ज टेबलाखालून आणि जवारी टेबलावरून, एकच तंबोरा दोन खोल्यांत ठेवल्यासारखा. बाबा म्हणाले, "ढोल चांगला वाजेल यावर." तेव्हा राग आला होता पण माणूस बरोबर बोलत होता.

दुसरा कॉम्प्युटर मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर फुगून गेला. आधी विंडोज मधेच अडकायची, मग चालूच होईना, दुकानदार तीनदा म्हणाला व्हायरस असेल फॉरमॅट मारू, तीनदा पैसे घेतले. शेवटी मीच कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरशेजारच्या पाच कॅपॅसिटरची डोकी पुऱ्यांसारखी टम्म, एकातून तपकिरी द्रव आलेला. त्या वर्षांत खराब इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर बसले होते, नुसतं वर बघितलं तरी कळतं, सपाट पाहिजेत. दुकानाचं नाव घेत नाही, आता तिथे मोबाईल कव्हरं मिळतात.

तिसरा, २००८ चा कोअर टू ड्युओ, थेट हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवला आणि त्यावर एक्सबीएमसी हे सिनेमे-गाणी लावायचं सॉफ्टवेअर टाकलं. (हेच पुढे २०१४ ला कोडी झालं. मूळ नाव एक्सबॉक्स मीडिया सेंटर, पण एक्सबॉक्सशी आपला काही संबंध नाही.) सिनेमाला मजा यायची. पण विलंबित ख्याल लावला की आलाप सुरू व्हायच्या आत कॅबिनेटचे पंखे सुरू व्हायचे. शांत पंखे आणले, फोम लावला, हार्ड डिस्क रबरावर टांगली, हजारो रुपये घातले आणि उरलेला घूं घूं तसाच. चौथा म्हणजे स्क्रीन फुटलेला लॅपटॉप होता, त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

अँप्लिफायर आला २०११ ला. मामाच्या घरी माळ्यावर सोनोडाइनचा जुना अँप पडून होता, कलकत्त्याची कंपनी, १९७० पासूनची, आपल्याकडच्या ज्या थोड्या ऑडिओ कंपन्या टिकल्या त्यातली. मामा म्हणाला ने, भंगारवाला २०० देत होता. पुढची जाळी काळवंडलेली, व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खर्रर्र, डावी बाजू मधेच गायब. तापकीर गल्लीत एका काकांकडे नेला, त्यांनी कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, दोन मोठे कॅपॅसिटर आणि एक रिले बदलला, ९०० रुपये घेतले आणि वर मला ऐकवलं की पुन्हा माळ्यावर टाकलास तर मला विकून टाक. त्याला कोथरूडमधल्या एकाकडून सेकंडहँड घेतलेले वॉर्फडेल डायमंड जोडले, साधे पाच इंची वूफरवाले बुकशेल्फ. वॅट वगैरे बघत बसू नका, वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळतं. बाबा पुण्याला आले, तंबोरा रेल्वेने आणणं शक्य नव्हतं म्हणून नुसतंच ऐकलं, पाच मिनिटं गप्प, मग म्हणाले पंचम किंचित उतरलाय. स्पीकरबद्दल एक अक्षर नाही, रेकॉर्डिंगमधल्या तारेबद्दल बोलत होते! त्या दिवशी मी स्पीकर शोधणं बंद केलं.

मग हम. काहीच वाजत नसताना स्पीकरमधून हलका हंऽऽऽ. तीन लोकांनी तपासला, एकाने अँप टाकून नवीन घ्यायला सांगितलं. एका रविवारी वैतागून एकेक वायर काढत गेलो आणि केबल टीव्हीची वायर सेट टॉप बॉक्समधून उपसली तशी पिन ड्रॉप शांतता. केबलवाल्याचं अर्थिंग गच्चीवरून, अँपचं भिंतीतल्या थ्री पिनमधून, दोघांच्यात फरक आणि मधे माझा स्पीकर. ग्राउंड लूप म्हणतात याला. ३५० रुपयांचा आयसोलेटर लावला, विषय संपला. असलेली वायर काढून बघणं फुकट असतं हे मला पंचेचाळीस मिनिटं आणि दोन वर्षांनी कळलं.

आता पाय. २०२० ला २ जीबीवाला पाय ४ घेतला, तेव्हा साडेतीन हजारांच्या आत मिळाला, पुढच्या टंचाईत लोकांनी दुप्पट देऊन घेतले. त्यावर लिब्रेइलेक (LibreELEC), म्हणजे कार्डावर फक्त कोडी चालवण्यापुरती सिस्टिम. पंखा नाही, ॲल्युमिनियमची केस हाच हीटसिंक, हॉलमध्ये आवाज शून्य. हा शून्य मला तिसऱ्या कॉम्प्युटरवर एवढे पैसे घालून मिळाला नव्हता. पण पायचा स्वतःचा ३.५ एमएम जॅक वापरू नका, प्लीज. तिथे खरा डॅक नाहीच, जुगाड आहे, शांत जागी मागे सूं ऐकू येतो. पीसीएम५१२२ चिपवाला डॅक वर बसवा, मला अडीच हजाराच्या आसपास पडला, चार स्क्रू आणि कॉन्फिगच्या फाइलीत एक ओळ, तिथून लाल-पांढऱ्या आरसीए केबलने अँपच्या ऑक्स इनपुटला. बास.

तक्रारी आहेत. मायक्रो एचडीएमआय हे पोर्ट ज्याने निवडलं त्याला रोज ती केबल लावायला बसवा. मोबाईलचा चार्जर लावला तर स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते, म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय, आणि मग सिनेमा मधेच रीस्टार्ट. त्यांचा स्वतःचा ५.१ व्होल्ट ३ अँपिअरवाला घ्या म्हणून वर ओरडत होतो. कोडीमध्ये मराठी नावं सुरुवातीला नुसत्या चौकोनांच्या रांगा दिसतात, स्किनच्या सेटिंगमध्ये फॉन्ट एरियल बेस्ड करा. ओटीटी पायवर बघायच्या भानगडीत पडू नका, ते टीव्हीच्या ॲपवरच बरं. त्याचा आवाज जुन्या अँपला द्यायला ऑप्टिकल टू आरसीएची डबी मिळते, मला ७०० रुपयांना पडली, फक्त टीव्हीत साउंड आउटपुट पीसीएम (साधा, न दाबलेला आवाज) करा. मी नाही केलं, डबीला डॉल्बी कळत नाही, दोन दिवस मुकी होती आणि मी ती परत करायला निघालो होतो.

आईचं मत चांगलं आहे. टीव्हीच्याच रिमोटने पाय चालतो, एचडीएमआयच्या सीईसीमुळे, त्यामुळे तिला आता "कुठला रिमोट" विचारायला फोन करावा लागत नाही.

हे सगळं ज्याच्यासाठी, ते म्हणजे बाबांच्या कॅसेट. रेडिओवरून टेप केलेल्या, नाट्यसंगीत आणि मैफिली, बहुतेक सी-९०, म्हणजे ९० मिनिटांच्या, पाठीवर बाबांच्या अक्षरात राग आणि तारीख. एक सी-९० साध्या १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सीडीच्या दर्जावर केली की साधारण ९५० एमबी होते, फ्लॅक (दर्जा न घालवता दाबलेली फाइल) केली की निम्म्यावर येते. जुना डेक काढला, फायली केल्या, वीसेक झाल्यावर कौतुकाने बाबांना ऐकवल्या. पहिल्या दोन मिनिटांत म्हणाले, "बुवा पांढरी दोनमध्ये कधीपासून गायला लागले?" काळी एकच्या जागी पांढरी दोन, डेक अर्धा सूर वर पळत होता, म्हणजे जवळजवळ ६ टक्के जास्त वेग. मोटरच्या पाठीमागे एक छोटं भोक असतं, आत बारीक स्क्रू, त्यात पातळ पेचकस घालून किंचित फिरवायचा. मी फिरवतोय, बाबा खरा तंबोरा काळी एकला लावून शेजारी छेडतायत, थोडं खाली, अजून, गेलास पुढे, मागे ये, आणि एका क्षणी कॅसेटमधला तंबोरा आणि मांडीवरचा तंबोरा एकमेकांत मिसळून गेले, वेगळे ऐकूच येईनात. वीस कॅसेट पुन्हा केल्या.

डॅकला पाचपैकी साडेचार, पायला चार, अर्धा त्या मायक्रो एचडीएमआयसाठी कापला. अँपला मी मार्क देणार नाही, तो घरातला आहे.

अजून ४० कॅसेट बाकी आहेत आणि डेकचा पिंच रोलर (टेप दाबून पुढे ओढणारं रबरी चाक) कडक होऊन टेप खायला लागलाय. १३ एमएमचा, मधे दोन एमएमची दांडी. तापकीर गल्लीतले काका दुकान बंद करून मुलाकडे गेले. पुणे-सांगली-मिरजेत कुणाकडे जुन्या डेकचे पार्ट मिळत असतील तर सांगा, नेटवर जे मिळतायत ते दोन मागवून बघितले, रबर इतकं कडक की बुवा पुन्हा वर चढले.